सिगारच्या पैशातून उभा राहिलेला रेडिओ

आमच्या घरातला रेडिओ नक्की कोणाचा होता हे सांगणं अवघड आहे. ठेवलेला आमच्याकडे असायचा, खिडकीच्या फळीवर, पण त्यातले सेल गल्लीतल्या चार बायका मिळून आणायच्या. कारण दुपारी त्या चौघी आमच्याच ओसरीत बसायच्या, मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू, आणि हात सुरू. विड्या वळताना डोळे आणि बोटं अडकलेली असतात, कान तेवढे मोकळे असतात. त्यामुळे सेल उतरले आणि गाणं घोगरं व्हायला लागलं की लगेच पैसे गोळा व्हायचे, त्यात उधारी चालायची नाही. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. आई मराठी, शेजारच्या अक्का तेलुगू, समोरच्या काकू कन्नड, आणि रेडिओवर जे लागेल ते सगळ्या ऐकायच्या.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेले दोन-तीन महिने मी अमेरिकेतल्या रेडिओचा जुना इतिहास वाचतेय, त्यातही सीबीएस या नेटवर्कचा, आणि वाचता वाचता एका ठिकाणी अशी थबकले की दोन दिवस पुढे वाचताच आलं नाही. सीबीएस ज्या माणसाने मोठं केलं त्या विल्यम पॅलीच्या घरचा धंदा सिगारचा होता. म्हणजे तंबाखू वळायचा धंदा! ज्या कंपनीचं नाव आपण टीव्ही, बातम्या, मोठमोठ्या इमारती यांच्याशी जोडतो तिच्या मुळाशी पानात तंबाखू गुंडाळणारे हात होते आणि हे मला चाळीशी ओलांडल्यावर कळलं.

पण गोष्ट पॅलीपासून सुरू होत नाही, त्याच्या आधी एक पूर्ण फसलेलं वर्ष आहे आणि मला तेच जास्त आवडतं.

1926 साली अमेरिकेत एनबीसी हे रेडिओ नेटवर्क सुरू झालं. त्यामागे आरसीए, जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस अशा तीन दांडग्या कंपन्या होत्या, रेडिओचे सेट बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या. कार्यक्रम चांगले झाले की लोक सेट घेणार, असा सरळ हिशोब. त्याच वेळी आर्थर जडसन नावाचा एक माणूस होता, मोठमोठ्या वाद्यवृंदांचा आणि गायक-वादकांचा मॅनेजर. त्याला वाटलं की एनबीसीला कलाकार लागणारच तर ते आपण पुरवू. तो डेव्हिड सार्नॉफकडे, म्हणजे आरसीएच्या कर्त्या माणसाकडे, प्रस्ताव घेऊन गेला आणि तिथं काही जमलं नाही. मग त्याने ठरवलं की तुम्ही घेत नाही ना, मग आपलंच नेटवर्क काढतो. जानेवारी 1927 मध्ये युनायटेड इंडिपेंडंट ब्रॉडकास्टर्स नावाची कंपनी झाली. हीच पुढची सीबीएस.

आता इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागते जी मला आधी अजिबात माहीत नव्हती. रेडिओ हवेतून येतो हे आपल्याला माहीत असतं, पण नेटवर्क हवेत नसतं, ते जमिनीवर असतं, तारेवर! न्यूयॉर्कच्या स्टुडिओत वाजलेलं गाणं शेकडो मैलांवरच्या गावातल्या स्टेशनपर्यंत टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारेतून जायचं आणि तिथून ते स्टेशन ते हवेत सोडायचं. या तारा एटी अँड टी कंपनीच्या, भाडं तिला द्यायचं, आणि ते भाडं चुकवता चुकवताच नवीन कंपनीचा जीव जायचा. जडसनच्या मंडळींना सुरुवातीला तर तारा मिळतच नव्हत्या, बऱ्याच खटपटीनंतर मिळाल्या.

दुसरं म्हणजे या नेटवर्ककडे स्वतःचं एकही स्टेशन नव्हतं. वेगवेगळ्या गावांतल्या 16 स्टेशनांशी त्यांनी करार केला, तुमच्या वेळेतले आठवड्याला 10 तास आम्ही घेणार आणि त्याचे 500 डॉलर देणार. ऐकायला छान वाटतं पण जरा हिशोब करा, 16 गुणिले 500 म्हणजे आठवड्याला 8000 डॉलर, जाहिरात मिळो न मिळो द्यायचेच, शिवाय तारांचं भाडं वेगळं, कलाकारांचे पैसे वेगळे. आणि जाहिरातदार तर अजून कुणी दारात आलेला नाही.

मग कोलंबिया फोनोग्राफ ही रेकॉर्ड बनवणारी कंपनी पैसे घालायला तयार झाली आणि नेटवर्कला तिचं नाव लागलं. 18 सप्टेंबर 1927 ला पहिलं प्रसारण झालं, संध्याकाळी डीम्स टेलर या अमेरिकन संगीतकाराचा ऑपेरा, मेट्रोपॉलिटन ऑपेराचे गायक, सगळा थाट. पण थाटाने बिलं भागत नाहीत. काही महिन्यांतच रेकॉर्ड कंपनीने नुकसान बघून अंग काढून घेतलं. गंमत म्हणजे कंपनी गेली पण नाव राहिलं, कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टीम, सीबीएसमधला सी तो हा.

याच्या दोनच महिने आधी, 23 जुलै 1927 ला, आपल्या मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं होतं, खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते. तीही खासगी कंपनीच. तिचा मुख्य आधार होता लायसन्स फी, रेडिओ ठेवणाऱ्याने वर्षाला 10 रुपये भरायचे. सेट महाग, भरणारे थोडे, 1930 मध्ये ती कंपनी बुडाली, सरकारने ताब्यात घेतली आणि 1936 मध्ये तिचंच ऑल इंडिया रेडिओ झालं. म्हणजे एकाच वर्षी जन्मलेली दोन पोरं, दोन्ही अशक्त, त्यातलं एक सरकारच्या पदरात गेलं आणि दुसरं जाहिरातीच्या. आपल्याकडे विविध भारतीवर जाहिराती यायला 1967 उजाडलं. मला आकाशवाणीबद्दल मनापासून प्रेम आहे आणि सरकारच्या पदरात गेल्यामुळेच ती जाहिरातदारांना परवडणार नाही अशा भाषांत आणि अशा गावांत पोचली असं माझं मत आहे, पण तो विषय वेगळा.

तर परत पॅलीकडे. पॅलीचे वडील सॅम्युअल पॅली युक्रेनमधून लहानपणी अमेरिकेत आलेले ज्यू, शिकागोत सिगारचा धंदा उभा केला, ब्रँडचं नाव ला पलिना, आणि डब्यावर एका बाईचं चित्र, ते म्हणजे विल्यमच्या आईचं, गोल्डीचं. 1919 च्या सुमाराला शिकागोत सिगार कामगारांचा संप झाला आणि पॅलींनी कारखाना फिलाडेल्फियाला हलवायला घेतला. हे वाक्य पुस्तकांत असं एका ओळीत येऊन जातं. मी मात्र तिथं थांबले. आमच्याकडे विडी कामगारांचे मोर्चे मी लहानपणापासून बघितलेत, आई मला कडेवर घेऊन गेलेली आहे. मजुरी वाढवून मागितली की कारखाना दुसरीकडे नेऊ ही धमकी तिने किती वेळा ऐकली असेल त्याला मोजदाद नाही. त्या शिकागोच्या कामगारांचं पुढे काय झालं ते सीबीएसच्या इतिहासात कुठंच नाही.

फिलाडेल्फियात डब्ल्यूसीएयू नावाचं एक स्टेशन होतं, लेव्ही बंधूंचं. त्यातला लिऑन लेव्ही हा दातांचा डॉक्टर, आणि पुढे तो पॅलींचा जावई झाला. पॅलीने नंतर स्वतःच सांगितलेली एक गोष्ट अशी, की वडील आणि काका गावाला गेलेले असताना तरुण विल्यमने 50 डॉलर देऊन त्या स्टेशनवर ला पलिनाचा एक कार्यक्रम सुरू केला. काका परत आले, त्यांना ही उधळपट्टी वाटली, बंद कर म्हणाले. बंद झाला. थोड्या दिवसांनी वडीलच सांगायला लागले की पेपरात लाखांनी जाहिराती देतो तर कुणी काही बोलत नाही, आणि आता जो तो विचारतोय की तुमचा तो कार्यक्रम का बंद झाला. धंद्यातल्या माणसाला इशारा एवढाच पुरतो. पुढे ला पलिनाने सीबीएसवर कार्यक्रम दिला आणि सिगारचा खप झपाट्याने वाढला.

दरम्यान नेटवर्क आचके देतच होतं. लेव्ही बंधू आणि जेरोम लाउकहाइम नावाचा एक श्रीमंत बांधकाम व्यावसायिक यांनी पैसे ओतून ते कसंबसं जिवंत ठेवलेलं. शेवटी सप्टेंबर 1928 मध्ये पॅलींनी चार-पाच लाख डॉलर घालून निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा घेतला आणि विल्यम अध्यक्ष झाला. त्याचा 27 वा वाढदिवस दोन दिवसांवर होता. पैसा सिगारचाच, त्याआधी दोन वर्षांपूर्वी घरच्या काँग्रेस सिगार कंपनीतला मोठा हिस्सा विकून हातात आलेला.

आणि त्याने केलं काय? त्याने करार उलटा केला. मला हे वाचून एकदम आमच्या गल्लीतला विडी कारखाना आठवला, आणि ही तुलना माझी आहे, कुणाची उसनी नाही. विडी कारखान्याकडे काम करायला जागा लागत नाही, कारण काम बायकांच्या घरी होतं. कारखाना पानं, तंबाखू आणि दोरा देतो, बायका घरी विड्या वळून आणतात, तिथं तपासणी होते, नापास काढतात आणि हजाराच्या हिशोबाने मजुरी मिळते. घर बाईचं, वीज बाईची, पाठ बाईची. नेटवर्क अगदी तसंच चालतं, स्टुडिओतून माल द्यायचा आणि स्टेशन, मनोरा, वीज, माणसं सगळं त्या त्या गावच्या मालकाचं. जडसनच्या करारात नेटवर्क स्टेशनला आधीच बांधील रक्कम देऊन बसलं होतं. पॅलीने सांगितलं की बिनजाहिरातीचे कार्यक्रम, म्हणजे वाद्यवृंद, भाषणं, गाणी, तुम्ही दिवसभर फुकट घ्या. एनबीसी त्याच कार्यक्रमांचे स्टेशनांकडून पैसे घ्यायची. बदल्यात काय, तर मला जाहिरातदार मिळाला की तुमच्या वेळापत्रकातला मी मागेन तो वेळ मला द्यायचा.

छोट्या गावच्या स्टेशन मालकाला दिवसभर हवेत काय सोडायचं हाच मोठा प्रश्न असायचा, त्याला हे सोन्यासारखं वाटलं. काही महिन्यांतच स्टेशनांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली. आणि पॅलीच्या हातात काय आलं, तर जाहिरातदाराला सांगायला एक वाक्य, की तुम्ही म्हणाल त्या वेळी अख्ख्या देशात तुमचा कार्यक्रम लागेल, गावोगावच्या स्टेशनची परवानगी काढत बसायची गरज नाही. विकायचं काय हे त्याला नेमकं कळलं होतं. गाणी विकायची नव्हती, ऐकणाऱ्यांची वेळ विकायची होती.

मला हे हुशारीचं वाटतं आणि त्रासदायकही वाटतं, दोन्ही. कारण गावच्या स्टेशनची संध्याकाळ गावची राहिली नाही. हे इतकं वाढलं की 1941 मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने, एफसीसीने, नेटवर्कच्या या करारांवर बंधनं आणली आणि एकाच मालकाने दोन नेटवर्क ठेवायचे नाहीत असं सांगितलं. त्यामुळे एनबीसीला तिच्या दोनांपैकी एक, ब्लू नेटवर्क, विकावं लागलं, तेच पुढे एबीसी झालं. ते 1943 साली 80 लाख डॉलरना घेतलं एडवर्ड नोबलने, ज्याचा धंदा होता लाइफ सेव्हर्स या पेपरमिंटच्या गोळ्यांचा! एक नेटवर्क सिगारवाल्याचं, एक गोळ्यावाल्याचं. टपरीवर जे मिळतं त्यावर आख्खा अमेरिकन रेडिओ उभा राहिला असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मधल्या गोष्टी पटकन सांगते. 1928 च्या शेवटी सीबीएसने न्यूयॉर्कमधलं स्वतःचं पहिलं स्टेशन घेतलं. 1929 मध्ये पॅरामाउंट या सिनेमा कंपनीला 49 टक्के हिस्सा देऊन तिचे शेअर घेतले, अट अशी की दोन वर्षांत सीबीएसने 20 लाख डॉलर नफा कमावला तर पॅरामाउंटने आपले शेअर ठरल्या दराने परत विकत घ्यायचे. काही महिन्यांत शेअर बाजार कोसळला, मंदी आली, कारखाने बंद पडले, आणि सीबीएसने मात्र नफा कमावून दाखवला. पॅरामाउंटकडे द्यायला रोकड नव्हती, आणि 1932 मध्ये सीबीएसने आपला हिस्सा परत घेतला. मंदीत लोकांनी सिनेमाची तिकिटं कमी केली पण घरातला रेडिओ फुकट वाजत होता.

आता 1931 बद्दल, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

12 जानेवारी 1931. सोलापूरकराला ही तारीख सांगायला लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, चौघांना येरवड्यात फाशी झाली. आदल्या वर्षी मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, इंग्रजांची सत्ता काही दिवस इथून उठली, मग मार्शल लॉ लागला, त्याची ही शिक्षा.

त्याच वर्षी 12 सप्टेंबरला गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला पोचले, पूर्व लंडनमधल्या गरीब वस्तीतल्या किंग्जली हॉलमध्ये उतरलेले. तिथूनच दुसऱ्या दिवशी, 13 सप्टेंबरला, ते अमेरिकेतल्या लोकांशी रेडिओवर बोलले, अटलांटिक ओलांडून, आणि ते भाषण तिकडे ऐकवलं ते याच सीबीएसने. मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. सिगारवाल्याचं नेटवर्क आणि त्यावर दारूबंदीचा आग्रह धरणारा, पंचा नेसलेला आपला म्हातारा. भाषणात ते अहिंसेबद्दल बोलले, आपल्या लढ्याचा मार्ग जगावेगळा आहे असं म्हणाले, पण पुढे लगेच स्वतःच्याच घरातली दुखणीही लपवली नाहीत, हिंदू-मुसलमानांमधली फूट, अस्पृश्यता, दारूचं व्यसन, आणि 7 लाख खेड्यांत अर्धपोटी राहणारी, हाताला काम नसलेली माणसं. परक्या देशाकडे पाठिंबा मागताना आपले दोष आधी सांगायचे, याला छाती लागते. चार हुतात्मा पुतळ्यासमोरून मी रोज स्कूटीवर जाते, आणि आता दरवेळी मनात येतं की या चौघांना जाऊन जेमतेम आठ महिने झाले होते तेव्हा तो आवाज कुठल्या तरी अमेरिकन गावातल्या स्वयंपाकघरात वाजत होता.

त्याच सप्टेंबरमध्ये, त्याच नेटवर्कवर ला पलिना सिगारच्या पैशातून केट स्मिथ ही गायिका घराघरात पोचली. बिंग क्रॉस्बीही त्याच महिन्यात सीबीएसवर गायला लागला आणि थोड्या दिवसांत त्याला प्रायोजक मिळाला क्रेमो, तोही सिगारच. या क्रेमोची त्या काळातली जाहिरात मला फार लागली. त्यांचं म्हणणं असं की आमची सिगार मशीनवर बनते, हाताने वळणाऱ्यांसारखी थुंकी लावून चिकटवत नाही. तेव्हा अमेरिकेत सिगार कारखान्यांत बायकांची संख्या मोठी होती, मशीन येत होतं तशी हाताची कामं जात होती, आणि वर ही बदनामी. आईच्या बोटांची टोकं पानं मुडपून मुडपून गुळगुळीत झालीयेत, बँकेत अंगठा लावायला गेलं की मशीन उमटवून घेत नाही. त्या बोटांना कुणी घाण म्हणालं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

आणि नोव्हेंबर 1931. फ्लोरिडात टँपा नावाचं शहर आहे, त्यातला यबोर सिटी भाग सिगार कारखान्यांनी भरलेला, कामगार बहुतेक क्यूबन, स्पॅनिश, इटालियन. तिथं क्यूबातून आलेली एक पद्धत होती. कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये मध्यभागी उंच मंचावर एक वाचक बसायचा आणि शेकडो कामगार सिगार वळत असताना त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, सकाळी पेपर, नंतर कादंबरी, तीही रोज थोडी थोडी. कादंबरी कुठली हे कामगार ठरवायचे. आणि वाचकाचा पगार मालक द्यायचा नाही, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. शाळा न बघितलेल्या माणसांनी अशा मोठमोठ्या लेखकांच्या कादंबऱ्या कानांनी वाचल्या. मालकांचं म्हणणं पडलं की वाचक कामगारांना भडकवतो, चळवळीचं साहित्य वाचतो. त्या नोव्हेंबरात त्यांनी वाचक बंद केले, मंच काढून टाकले, कामगारांनी संप केला पण वाचक परत आले नाहीत. त्यांच्या जागी कारखान्यांत आला रेडिओ.

मला रेडिओ अतिशय प्रिय आहे, त्याने माझ्या आईची वीस वर्षं सुसह्य केली, म्हणून हे वाचून मला जास्त वाईट वाटलं. वाचकाला तुम्ही सांगू शकता, हे नको, ते वाच, परत वाच. फळीवरच्या खोक्याला ते सांगता येत नाही.

परवा रविवारी आईकडे गेले होते, विडी घरकुलात. आईने काम कधीच सोडलंय पण शेजारच्या अक्का अजून थोड्या विड्या करतात, सवयीने म्हणा गरजेने म्हणा. त्या सूप घेऊन बसल्या होत्या. मी मोबाइलवर गांधीजींचं ते अमेरिकेला केलेलं भाषण काढलं आणि इंग्रजीतून मराठी करत करत दोघींना वाचून दाखवायला लागले, अडखळत, एखादा शब्द न सुचून. 7 लाख खेड्यांपर्यंत आले आणि आई म्हणाली चहा टाक आता, म्हणून मी मोबाइल खाली ठेवला. अक्कांनी सुपातून मान वर केली नाही, हात चालूच, दोरा ओढत म्हणाल्या, "चहा ऱ्हाऊ दे गं, पुढं वाच की."